संध्याकाळचं ‘येईन’

“करीन म्हणू नये. करून झालं की सांगावं.”

आईचा आवाज असा कुठूनही येतो. मेण वितळायला ठेवल्यावर, ओला टॉवेल झटकताना, जिन्याच्या वळणावर कठड्याला हात लागला की. तो आवाज कधी चढलेला नसे. सुईत दोरा ओवताना माणूस श्वास धरतो, तसा श्वास धरून आई बोलायची. घरात कुणी ‘उद्या करीन’, ‘मग देईन’ म्हटलं की तिचा हात चालता चालता थांबायचा. करते म्हण, बघते म्हण. ‘ईन’ लावलंस की तो शब्द तुझा राहत नाही, ज्याला दिलास त्याचा होतो, आणि मग तो माणूस विसरला तरी शब्द विसरत नाही. आईला हे कुणी शिकवलं होतं? ती म्हणायची, तिच्या आईनं. ताईचं म्हणणं वेगळं. ताई म्हणायची, बाबा त्या दिवशी ‘लवकर येईन’ म्हणून गेले आणि त्यांच्याऐवजी त्यांच्या कारखान्यातली चार माणसं आली, तेव्हापासून. दोघींचं यावर कधी एकमत झालं नाही. धाकटीनं मात्र कारण विचारलं नाही, नुसतं ऐकलं. ऐकता ऐकता तिच्या बोलण्यातून तेवढा एक काळच निघून गेला. दातांच्या लॅबमध्ये कुणी विचारलं, बाई, मंगळवारपर्यंत होईल का कवळी, तर ती म्हणायची, “बघते.” कवळी सोमवारीच तयार असायची. पॉलिशवाले काका म्हणायचे, “यांच्याकडून होकार काढणं म्हणजे अक्कलदाढ काढणं. भूल दिल्याशिवाय जमायचं नाही.”

म्हणून त्या संध्याकाळी, फोन बंद झाल्यावर, ती लॅबच्या कोटाच्या बाहीतून एक हात काढून तशीच बसून राहिली. दुसरा हात काढायचा राहिला. झालं तर काहीच नव्हतं. ताई जेवली होती. रोजच्यापेक्षा लवकर, रोजच्यापेक्षा मुकाट्यानं. भाची खूश होती. “बघ मावशी, आज न सांगता जेवली आई!” असं ओरडून तिनं रिकामा वाडगा फोनसमोर धरला होता. वाडग्याच्या तळाशी चमच्याचे फराटे होते. ते फराटे दिसले, मग पडदा काळा झाला आणि त्यात धाकटीचा स्वतःचा चेहरा आला, हनुवटीपासून वर, जसा चेहरा कुणाला दाखवू नये तसा. ताईनं आज विचारलं नव्हतं. ताईनं सांगितलं होतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ताईचं मराठी गेलं. असं होतं म्हणे. डोक्यातल्या दोन खोल्यांपैकी एकीचंच छप्पर कोसळतं. वाटलं होतं जुनी, आधीची खोली राहील, पण राहिली ती नंतर बांधलेली. ज्या भाषेत ताईनं बोरं मागितली, गाणी म्हटली, ज्या भाषेत ती भांडली, रडली, ती सगळी गेली. राहिली ती सासरची, तिकडची, स्पॅनिश. पहिल्यांदा भाचीनं फोनवर तिचा चेहरा दाखवला तेव्हा डावा गाल खाली ओघळलेला, ओठाची कड मेणासारखी सैल. धाकटीच्या धंद्यातल्या डोळ्यानं आधी तेच पाहिलं, खालची कवळी आता बसणार नाही, आणि मग ताईला पाहिलं. ताईनं फोनकडे बघून एक शब्द टाकला. “बेन्द्रास?”

“काय म्हणते?”

“ती विचारते, तू येशील का.” भाचीचं मराठी स्वयंपाकघरात शिकलेलं, तेवढंच राहिलेलं. “मावशी, आई तोंड उघडत नाही. सकाळपासून. तू म्हण, बेन्द्रे. मी येईन. म्हणजे उघडेल.”

“अगं पण...”

“म्हण ना. सूप थंड होतं.”

आणि ती म्हणाली. बेन्द्रे. इतक्या सहज निघाला तो शब्द, की निघाल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं. ताईचं तोंड उघडलं, चमचा आत गेला, घशाची हालचाल झाली. एवढंच. त्यानंतर रोज. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडची जेवणाची दुपार. लॅब बंद व्हायच्या सुमारास, पॉलिशच्या चाकाचा आवाज थांबला, टेबलावरची प्लास्टरची पांढरी धूळ ओल्या फडक्यानं पुसून झाली की ती खिडकीपाशी जायची. बेन्द्रास? बेन्द्रे. चमचा. बेन्द्रास? बेन्द्रे. चमचा. ती सकाळी दिवा लावून, एक अध्याय वाचून मगच पाणी पिणारी बाई. जीभ विटाळू नये म्हणून आयुष्यभर जपणारी. पण या शब्दाचा तिला विटाळ वाटला नाही. आईला ही भाषा येत नव्हती. दुसऱ्याच्या चपला पायात सरकवून अंगणात जाऊन यावं, तसं ते होतं. चपला आपल्या नाहीत, तेव्हा चाललोही आपण नाही.

पॉलिशवाल्या काकांना पहिल्या आठवड्यातच गंमत सापडली. “कोण हो हे बेंद्रे? रोज संध्याकाळी हाका मारता.” धाकटी हसली, ताईचं सांगितलं. काका गंभीर झाले, पण गंमत त्यांनी सोडली नाही. गंमत ही त्यांची सहानुभूतीची रीत. “झाली का बेंद्र्यांची चौकशी?” “आज बेंद्रे उशिरा का?” आणि एकदा, चाकावर कवळी धरून, मान वर न करता, “रोज बोलावता बिचाऱ्याला. एकदा येऊ तरी द्या.” तेव्हा तिला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं आणि तिनं नेलं. शब्दाला आता घर मिळालं होतं, आडनाव मिळालं होतं. टोपी घालून, छत्री बगलेत मारून कुणी बेंद्रे नावाचा साधा गृहस्थ रोज तिच्या वतीनं ताईच्या उशाशी जाऊन बसत होता. तो जातो आहे तोवर आपण जायचं कारण नाही, असं तिनं मनाशी कधी म्हटलं नव्हतं. पण मनाशी जे म्हणायचं नसतं तेच बहुधा खरं असतं.

आणि आज ताई म्हणाली, “नो बेन्द्रास.” प्रश्नाची उचल त्यात नव्हती. येणार नाहीस. राग नाही, रुसवा नाही. आज पाऊस नाही म्हणावं तसं. आणि स्वतः होऊन तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी कामात हात रमेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरखालची कवळी होती. गुलाबी मेणाच्या कडेवर एकेक दात बसवायचा, दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून मेण किंचित ओघळू द्यायचं, दात कणभर फिरवायचा. सगळं कसब त्या कणभरात. पुढचे दोन दात जरा आत गेले तर माणसाला त, थ, द म्हणता येत नाही. जिभेला टेकायला जागा लागते. ती नेहमी बसवून झाले की स्वतःच हळूच पुटपुटून बघायची, जणू तेच दात आपल्या तोंडात आहेत: दार, दिवा, थांब, तिथं. आज ओठांवर तो एकच शब्द आला आणि तिनं सुरी खाली ठेवली. समोरच्या फळीवर साचे ओळीनं मांडलेले होते. प्लास्टरची तोंडं. वरची उलटी, खालची सुलटी, जिभा नसलेली. एरवी तिला त्यांचं काही वाटत नसे. वरच्या फळीवर होत्या त्या मात्र तिनं कधीच नीट पाहिल्या नव्हत्या: न्यायला कुणी न आलेल्या कवळ्या. पाण्याच्या डब्यांत बुडवून ठेवलेल्या, झाकणांवर चिकटपट्टी. दरवर्षी एकदोन वाढायच्या. मापाला आले, मेण चावून माप देऊन गेले, मेणातली कवळी लावून आरशात हसून गेले, आणि दारात म्हणाले, मंगळवारी येईन हं. त्यांच्याबद्दल लॅबच्या मालकीणबाई म्हणायच्या, “टाकू नका, काय सांगावं, येतील.” ते येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असे. डब्यातलं पाणी मात्र ती दर आठवड्याला बदलायची. आज पाणी बदलताना तिला वाटलं, आपण शब्दाचं पाणी बदलतो आहोत. रोज संध्याकाळी. न्यायला कुणी येणार नाही अशा शब्दाचं.

चाक फिरत होतं. घर्र घर्र घर्र, आणि त्या घर्रघर्रीत मध्येच दाताची कड लागली की एक बारीक किंचाळी, आणि मग पुन्हा घर्र. आज तिला त्यात ताईचा ‘नो’ ऐकू येत होता. नळ सोडला की पाण्याच्या पहिल्या झटक्यात. मालकीणबाईंच्या खुर्चीच्या करकरीत. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. उलट तो आवाज मऊ होता, समजूतदार होता, आणि तीच भीती होती. हा सूर आपण आधी ऐकला आहे. ताईच्या तोंडून नाही. कुणाच्या? आठवण्याच्या कडेपर्यंत ते यायचं आणि चाकाच्या आवाजात परत बुडायचं.

शनिवारी दुपारी ती स्पॅनिशच्या वर्गाला गेली. वर्ग रस्त्यापलीकडच्या शाळेत भरायचा, लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे अंगाशी घेऊन. एकच शब्द जवळ बाळगण्याची लाज वाटू लागली तेव्हा तिनं नाव घातलं होतं. निदान ‘दुखतं का’, ‘झोप लागली का’ एवढं तरी विचारता यावं. शिकवणारी मुलगी तिच्या निम्म्या वयाची, सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे आणि ती लाजायची. बाकी वर्गात परदेशी नोकरीला निघालेली एक नर्स, नवं लग्न झालेलं एक जोडपं, आणि टॅक्सीवाला एक, जो पाहुण्यांशी गप्पा मारता याव्यात म्हणून येतो म्हणायचा आणि बहुधा दुपारच्या उन्हातून सुटायला यायचा. आज भविष्यकाळ होता. फळ्यावर ‘येणे’ मांडलेलं. मास्तरीणबाई म्हणाली, “हे क्रियापद सरळ चालत नाही. जी क्रियापदं रोज लागतात ती अशीच असतात. जिन्याची पायरी मधोमध झिजते ना, तशी. खरं म्हणजे हा मधला ‘द’ इथं कुणी ठेवला नव्हता. न वरून र वर उडी मारताना जिभेला मध्ये टेकायला काहीतरी लागलं, म्हणून आला, आणि राहिला.” धाकटीनं जीभ दातांमागे लावून पाहिली. न. र. मध्ये खरंच एक जागा होती. तिथं जीभ थांबत होती. इतके महिने ती रोज त्या जागेवर थांबली होती आणि पुढे गेली होती.

“आता प्रत्येकानं एक वाक्य करा. घरचं. खरं.”

नर्स म्हणाली, आईला पैसे पाठवीन. जोडप्यातल्या नवऱ्यानं सांगितलं, मी भांडी घासीन. बायको म्हणाली, “मास्तरीणबाई, हे वाक्य चूक आहे,” आणि वर्ग हसला. टॅक्सीवाल्यानं वजन कमी करण्याचं काही तरी जुळवलं. मग, “मावशी, तुमचं?”

“बेन्द्रे,” धाकटी म्हणाली.

“छान! उच्चार तर फारच छान. पण कधी? नुसतं येईन म्हटलं की ऐकणारा दारात ताटकळतो. पुढं काही तरी लावा. उद्या, रविवारी, पुढच्या महिन्यात. काही पण.”

तिनं तोंड उघडलं. तोंडात सगळं जागच्या जागी होतं, जीभ, टाळू, दात. शब्दही माहीत होते. मागच्याच आठवड्यात वार पाठ केले होते. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा बाकावर पडला होता, त्यात कुणी तरी कर्कटकानं कोरलेलं फूल होतं, पाच पाकळ्यांचं, पाचवी अर्धी. ती त्या अर्ध्या पाकळीकडे बघत राहिली.

“तारीख टाका मावशी,” टॅक्सीवाला मागून म्हणाला. “नाहीतर गिऱ्हाईक दुसरी गाडी करतं.”

“अहो, विचार तर करू द्या त्यांना.”

“मला एक सांगा,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीच हळू. वर्ग पुढं झुकला. “समोरचा म्हणाला, ‘नो बेन्द्रास’. तू येणार नाहीस. तर त्याला काय म्हणायचं असतं?”

मास्तरीणबाईनं खडू बोटांत फिरवला. “म्हणजे... ‘नाही, येईन’ असं म्हणायचं. सी, बेन्द्रे. सी वर जोर देऊन.”

“नाही पटणार,” टॅक्सीवाला म्हणाला. “ज्याला वाटतं तुम्ही येत नाही, त्याला बोलून काय उपयोग? तिथं गाडी काढावी लागते.”

पुन्हा हशा झाला. नर्स मात्र हसली नाही. ती धाकटीकडे बघत होती, आणि तिनं आपली पाण्याची बाटली झाकण उघडून तिच्यापुढं सरकवली.

वर्गातून घरी येताना रस्ता तोच होता. चाव्या बनवणारा, त्याच्या पाटीवरची पत्र्याची मोठी चावी. फुटपाथवर उतरवलेली नवी कपाटं, प्रत्येकाच्या आरशात एकेक तुकडा रस्ता. त्या तुकड्यांतून ती स्वतः चालत गेली, आली, गेली. आणि शेवटच्या आरशात तिला आईची खोली दिसली. दिसली म्हणजे आठवली. पण आठवणीला एवढी कड नसते. शेवटच्या महिन्यातली दुपार. पडदा ओढलेला, औषधांच्या बाटल्यांचा चिकट वास, आणि पलंगावर आई, उशीइतकीच उरलेली. ताईचा त्या आठवड्यात फोन आला होता. तेव्हा फोन शेजारच्या काकूंकडे यायचे. ताई ओरडून म्हणाली होती, “आईला सांग, मी येईन. नक्की येईन.” धाकटीनं तसंच सांगितलं, ‘ईन’सकट. त्यानंतर आई रोज जेवणाच्या वेळेला दाराकडे तोंड करून बसायची, बसवून घ्यायची, आणि विचारायची, “आली का गं?” “नाही अजून.” “बरं.” दोन घास. मग एक दिवस तिनं विचारलं नाही. स्वतःच म्हणाली, “नाही यायची ती.” आणि वाटीकडे हात करून, “वाढ.” त्या दिवशी आई पोटभर जेवली. धाकटी वाढत होती, आणि वाढताना तिला आत काही तरी गोड लागलं होतं. जिंकल्यासारखं. मोठी मोठी वचनं देणारी ती, आणि इथं भाताची वाटी घेऊन उभी मी.

ताईला भाचीच्या वेळचे दिवस होते आणि डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, हे मागाहून कळलं. मागाहून कळलेल्याचा उपयोग नसतो, आधीचं मागं घेता येत नाही. पुष्कळ वर्षांनी ताईनं एकदा फोनवर विचारलं होतं, “आई शेवटी माझं काही म्हणाली?” खोटं बोलायचं नाही हा धाकटीचा नेम. तिनं सांगितलं, “‘नाही यायची ती’ म्हणाली, आणि जेवली.” फोनमध्ये समुद्रासारखा आवाज येत होता, त्या काळी यायचा. मग ताई म्हणाली, “बरं.” पुढं दोघी तांदळाच्या भावावर बोलल्या होत्या.

धाकटी रस्त्याच्या कडेला थांबली. म्हणजे तो सूर तिथला. मराठीची सगळी खोली कोसळली, पण त्या ढिगाऱ्यातून ताईनं तेवढं एक वाक्य ओढून बाहेर काढलं आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, तिकडच्या भाषेचे कपडे घालून. की आईच गेली तिकडं? जिला ती भाषा येत नव्हती ती आई, जिच्यापासून लपून आपण रोज ‘येईन’ म्हणत होतो, ती पहिल्या दिवसापासून ताईच्या पलंगावर बसून ऐकत होती? असलं काही ती मानत नसे. देवावर विश्वास असलेल्या माणसाला भुतांची गरज नसते. पण मानेवर गार वारा लागावा तसं झालं आणि ते घरी पोचेपर्यंत गेलं नाही. आणि त्याहून वाईट, त्या गारव्याखाली तिला तीच चव परत लागली, भाताच्या वाटीची. रोजच्या बेन्द्रेमध्ये ती होती. जिभेच्या अगदी मागं, जिथं औषधाचं कडू राहतं तिथं. तू आईला म्हणालीस आणि आली नाहीस. मी तुला म्हणते आहे, आणि येत नाही.

रविवारी, सोमवारी तिनं फोन केला. ताई विचारत नव्हती. धाकटीनं आपण होऊन म्हणून पाहिलं, “ताई, बेन्द्रे. सी, बेन्द्रे.” जोर देऊन, शिकवला तसा. ताईनं पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर फोनच्या जरा वरून, भिंतीवर कुठं तरी टेकली होती; कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बघावं तशी, बिनतक्रार. शब्द गुळगुळीत होऊन धरता येत नव्हता. चमचा आत जायचा, पण निम्मं बाहेर ओघळायचं.

“आता शांत असते,” भाची म्हणाली. “भांडत नाही माझ्याशी. चांगलं ना, मावशी?”

धाकटीनं फोन जवळ घेऊन ताईची ओली हनुवटी पाहिली.

“डॉक्टर आला होता. तो म्हणाला, हळूहळू गिळणं विसरेल. मग नाकातून नळी. नळी नको म्हणतो मी. मी म्हणते... नको ना? मला कळत नाही गं. आई मला कळत नाही आता. आधी विचारायची तरी, तू येशील का. मला राग यायचा. मी रोज समोर आणि ही तुला बोलावते. आता विचारत नाही तर मला भीती वाटते.” भाची मधेच ‘म्हणतो’ म्हणायची, मधेच ‘म्हणते’, रडायला लागली की तिचं मराठी लहानपणाचं व्हायचं. “तू बोल ना काही.”

“काय बोलू, बाळ?”

“काही पण. ती ऐकते तुझा आवाज. मला दिसतं. ती डोळे मिटते.”

तेव्हा धाकटी आपल्या भाषेत बोलली, ताईला जी कळत नव्हती. आज एका आजोबांची कवळी झाली, म्हणाली. लावून आरशात बघितलं तर रडायलाच लागले, म्हणे मी माझ्या मोठ्या भावासारखा दिसतोय, तो जाऊन झाली वर्षं. काका म्हणाले, आजोबा, दात आम्ही दिले, भाऊ तुमचाच. ताईचे डोळे मिटलेले होते. कपाळावरची शीर, दोघींच्याही कपाळावर एकाच जागी असलेली, हळू हळू उडत होती. काय होतं त्या डोळ्यांमागं? तिथं अजून एखादी भिंत उभी असेल, एखादा कोनाडा? तिथं कुणी बसलं असेल दाराकडे तोंड करून? आणि आपण गेलोच, तर आपल्याला ओळखेल? एक म्हातारी बाई दारात, तोंडात परका एकच शब्द, तोही उष्टा. हीच भीती तिला इतके दिवस जागची हलू देत नव्हती, असं तिला वाटत होतं. आता कळलं, की तीही खरी नव्हती. ताईनं ओळखलं नाही तरी चालणार होतं. आपण गेलो होतो हे ताईला कधीच कळलं नाही तरी चालणार होतं. फार तर शीर उडेल, डोळे मिटतील. आईच्या वेळी दारात कुणी आलं नव्हतं. यावेळी कुणी तरी यावं, एवढंच होतं. मग ते कोण, हे आत बसलेल्याला समजो न समजो.

पासपोर्ट होता. ताईनं कधी काळी आग्रह करून काढायला लावलेला, मुदत संपली की नवा केलेला, कोरा. खालच्या मजल्यावरच्या प्रवास-कंपनीतल्या मुलानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “मावशी, हा तर नवरीसारखा जपलाय.” कागद झाले, शिक्के झाले, त्यात जे दिवस गेले ते तिनं मोजले नाहीत, रोज सकाळी दिव्यापुढं, ताई तोवर असू दे, एवढं एक मागितलं आणि उठली. भाचीला सांगितलं नाही. मालकीणबाईंकडे रजा मागितली तेव्हा त्या चष्म्यावरून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “इतक्या वर्षांत आजारी तरी पडायचं होतं एकदा.” काकांनी चाक थांबवलं. चाक थांबलं की लॅब एकदम मोठी वाटते.

“रजा? तुम्ही? सूर्य कुठनं उगवला आज?”

“ताईकडं जाते आहे.”

“जाते नाही म्हणायचं. येते म्हणा.”

“येते.”

काकांनी हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. काही तरी थट्टेचं शोधत होते, सापडत नव्हतं. शेवटी चाकाकडे वळून म्हणाले, “बेंद्र्यांना आमचा नमस्कार सांगा. म्हणावं, फार दमवलं हो तुम्हाला.”

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखा फोन केला. ताई जागी होती. चमचे फार थोडे गेले. धाकटीनं दिवसभरातलं सांगितलं, पावसाचं, लॅबमधल्या नव्या दिव्याचं. मग भाचीला विचारलं, “तुमचं दार रस्त्यावरून कसं ओळखू येतं गं?”

“का?”

“असंच. तू कधी सांगितलं नाहीस.”

“हिरवं आहे. पण आता रंग सगळा गेला. बाजूला एक बाई फुलं विकते, ती दिवसभर भांडते. तिच्या आवाजावरून कळतं.” भाची हसली; पुष्कळ दिवसांनी. “आणि घंटा चालत नाही. जोरात हात मारावा लागतो.”

“बरं,” धाकटी म्हणाली.

सकाळ अजून निवांत होती. शेजारणीनं किल्ली घेताना डोळे चोळत विचारलं, कुठं, किती दिवस. धाकटीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि गॅसची तोटी बंद केल्याचं तेवढं सांगितलं. जिन्यात कुणाच्या तरी घरात दूध उतू गेल्याचा वास होता. रस्ता नुकताच झाडलेला, खराट्याच्या रेघा अजून कुणी मोडल्या नव्हत्या. तिच्या पायात नवे बंद बूट होते, टाचेला लागत होते, आणि प्रत्येक पावलाला ते लागणं कळत होतं. कोपऱ्यावर विमानतळाची बस उभी होती. चालकानं हात पुढं केला. तिनं आधी पिशवी दिली, मग दांडा धरला, आणि पाय वर टाकला.